पुढचा मुक्काम कुणाच्या रानात?

माझ्या गावाचं नाव कॉम्प्युटरला लिहिता येत नव्हतं, तिथून हे सगळं सुरू झालं. गाव कळस, तालुका इंदापूर. बारामतीच्या ज्या क्लासात मी कॉम्प्युटर शिकवत होते, तिथली मराठी अक्षरं कुठल्याशा हिंदीवाल्याने केलेली होती आणि त्यात ळ नव्हता. क उमटायचा, स उमटायचा, मधे ल घालून भागवायचं. "कलस लिही ना, कुणाला कळतंय?" असं क्लासचे मालक म्हणाले. ते मूळचे बारामतीचे. बारामतीत ळ नाही, त्यामुळे त्यांना हे बोलणं सोपं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उद्या बारामतीची बारामटी केली तर चालेल का, असं मी विचारलं, आणि पुढे कितीतरी दिवस पहाटेच्या एसटीने येऊन घ्यावे लागणारे सगळे वर्ग माझ्या वाट्याला आले.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. पुण्याहून येणाऱ्या एका मासिकाबरोबर एक सीडी आली आणि तिच्यात कॉम्प्युटर चालवणारी एक फुकट सिस्टिम होती. फुकट या शब्दाचं आम्हाला कौतुक नव्हतं. तेव्हा आमच्या भागात सगळंच सॉफ्टवेअर फुकट होतं, एकाने कुठून तरी आणायचं आणि बाकीच्यांनी गुपचूप उतरवून घ्यायचं. नवल वेगळंच होतं. ही सिस्टिम उघडून आत बघायला चक्क परवानगी होती. देशोदेशीच्या लोकांनी फावल्या वेळात लिहिलेली, कुणीही दुरुस्त करावी, कुणालाही द्यावी. अट एवढीच की पुढे देताना आतली कृतीही द्यायची, झाकून ठेवायची नाही. सुगरणीने भाजीबरोबर मसाल्याचं प्रमाणही सांगून टाकावं, तसा तो प्रकार होता. आमच्या भागात अशा सुगरणी मी फार पाहिलेल्या नाहीत.

माझ्याबरोबर लासुर्ण्याची एक मैत्रीण शिकवायची. ऊसवाल्यांच्या घरातली, शांत, आणि माझा पारा चढला की आधी पाण्याचा ग्लास पुढे करणारी. आम्ही दोघींनी त्या सिस्टिमची अक्षरं उघडली तर आत नुसती टिंबं. उभी-आडवी टिंबं, काही भरलेली, काही रिकामी.

"अगं, ही तर ठिपक्यांची रांगोळी हाय," ती म्हणाली.

रांगोळी आम्हाला येत होती. चौकटीचा कागद घेतला आणि ळ काढला. तो ळ कमी आणि उलटा पडलेला किडा जास्त दिसत होता. दुसरा काढला, तो पहिल्याहून वाईट. तेव्हा आम्ही इंदापूरला जाऊन पेंटरना गाठलं.

हे पेंटर दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचे. इंदापूर तालुक्यात अक्षर म्हणजे काय हे कुणाला विचारायचं तर त्यांना, असा त्यांचा स्वतःचा समज होता आणि तो खरा होता. आमचा चौकटीचा कागद बघून त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं.

"बाई, अक्षराला पोट असतं. ह्या खुराड्यात पोट कसं बसवू मी?"

पण कागद त्यांनी ठेवून घेतला. पुढच्या बाजारी गेलो तर ळ तयार होता. दोन पोटांचा, आणि त्यातलं दुसरं जरा थोरलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "ही माझी सही हाय." त्या दिवशी मी कळस हा शब्द पडद्यावर पहिल्यांदा नीट बघितला. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

अक्षरं होत गेली, पण बसून काम करायला जागा नव्हती. क्लासमध्ये माझ्याकडे आधीच वाकड्या नजरेने बघत होते. अशात तात्या भेटले. तात्या वरकुट्याचे, मोठे बागायतदार, बारामतीत ठिबक सिंचनाच्या पाइपांचं दुकान आणि मागे गोडाऊन. त्यांची पाटी आमच्या पेंटरनी रंगवलेली, आणि रंगवता रंगवता आमची सगळी कथा त्यांना ऐकवलेली. तात्यांचं दुखणं असं होतं की त्यांची बिलं इंग्रजीत निघायची आणि गिऱ्हाईक ती घेऊन दुसऱ्या दिवशी परत यायचं, ह्यात काय लिवलंय ते वाचून दाखवा म्हणून.

"मला मराठीत बिल पायजे," तात्या म्हणाले. त्यांचा आवाज असा की साधं बोलले तरी रस्त्यावरचं माणूस थांबायचं. "तुमाला काय पायजे ते सांगा."

आम्ही सांगितलं: बसायला जागा, एक कॉम्प्युटर, आणि ईमेलसाठी फोन. हेही सांगितलं की जे करू ते सगळ्यांसाठी असेल. "सगळ्यांसाठीच की," तात्या म्हणाले, आणि गोडाऊनच्या वरची खोली आमची झाली.

त्या उन्हाळ्याइतकी मजा मी आयुष्यात फार थोड्या वेळा केली आहे. खोलीला नव्या प्लॅस्टिकचा वास, खुर्च्या अपुऱ्या म्हणून आम्ही पाइपांच्या भेंडोळ्यांवर बसायचो आणि जरा हललं की भेंडोळं चुईचुई वाजायचं. संध्याकाळी तात्या खालून भेळ पाठवायचे. फोन लागला की ईमेल यायची. नागपूरचा कुणी एक माणूस, ज्याला आम्ही कधी पाहिलं नाही, आमच्या चुका दुरुस्त करून पाठवायचा. जर्मनीतून एकाने विचारलं, हे दोन पोटांचं अक्षर कोणतं? मी त्याला ळ वर लांबलचक उत्तर लिहिलं. ते त्याला कितपत समजलं देव जाणे, पण त्याने ळ नीट छापला जाईल अशी एक दुरुस्ती करून पाठवली. कळसच्या ळ साठी जर्मनीतला माणूस राबतोय, हे मी एसटीत शेजारच्या बाईला सांगितलं. ती जरा सरकून बसली.

पहिलं बिल निघालं तेव्हा सगळं दुकान प्रिंटरभोवती जमलं. कर्र कर्र करत कागद वर आला. त्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'ठबिक सिंचन संच'. ठ ची वेलांटी ब वर जाऊन बसली होती. आमचे चेहरे उतरले, पण तात्या इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर कित्येक दिवस दुकानात ठिबकला ठबिकच म्हणत. वेलांटी जागेवर आली तरी गिऱ्हाइकं "ठबिकचं दुकान हेच का?" असं विचारत यायची.

अधूनमधून कुरबुर असायचीच. आम्हाला आधी जोडाक्षरं नीट करायची असायची आणि तात्यांना बिलात सवलतीचा रकाना. 'शेतकऱ्याचे नाव' यातला ऱ्य आमच्याकडून 'र्य' असा छापला जायचा. 'शेतकर्याचे'. मला ते खुपायचं, पण आधी रकानाच व्हायचा, कारण वरची खोली त्यांची आणि भेळ त्यांची. गमतीने आम्ही म्हणायचो की ऱ्य ला भेळ मिळत नाही म्हणून तो रुसलाय.

घरी मी आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं, "तात्यांच्या दुकानात आमचा प्रोग्राम बसवला."

आबांनी मान डोलावली. "बरं झालं. देत्यात काय?"

"खोली, फोन, भेळ."

"ज्वारी न्हाय?"

आबा चेष्टा करतायत असं वाटून मी हसले. आता कुणाला माहीत नसेल म्हणून सांगते. आमचं घर मेंढरांचं. माझ्या कळत्या वयात आबांनी कळप कमी करून शेती धरली, पण आमच्या घरात 'बसवणे' म्हणजे आधी मेंढरं बसवणे. पीक निघालं की शेतकरी बोलावतो, कळप त्याच्या रिकाम्या रानात मुक्कामाला बसतो, रानाला लेंडीखत मिळतं, धनगराला ज्वारी आणि जेवण मिळतं. मग कळप उठतो आणि पुढच्या रानात जातो.

पावसाळा सरला आणि इंदापूरच्या एका पाइपवाल्याने पेंटरना विचारलं, ती मराठी बिलं आम्हाला मिळतील का? मिळतील की, म्हणून पेंटर फ्लॉपी घेऊन गेले. आम्हा तिघांपैकी कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तो पाइपवाला म्हणजे तात्यांचा धंद्यातला उभा वैरी, हे पेंटरना ठाऊक होतं, पण दोन्ही पाट्या त्यांनीच रंगवलेल्या असल्यामुळे त्यांना दोघेही सारखेच.

दुसऱ्याच दिवशी तात्या जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत.

"माझ्या खोलीत बसून केलं, माझा फोन वापरून केलं, आन् नेऊन दिलं कुणाला, तर त्येला?"

"तात्या, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सगळ्यांसाठी आहे म्हणून," मी म्हणाले.

"सगळ्यांसाठी म्हंजी मला वाटलं सगळ्या गिऱ्हाइकांसाठी!"

मग ते पाइपांच्या भेंडोळ्यावर बसले. भेंडोळं चुईचुई वाजलं आणि कुणीही हसलं नाही. "हे बघा पोरीहो, मला सरळ कळतंय ते सांगतो. मी विहिरीवर मोटार बसवली, तर ती मोटार माझी. शेजारी उचलून नेतो का? तसा ह्यो प्रोग्राम माझ्याकडं बसवलाय. तुमी तिघंबी माझ्याकडं पगारावर या. चांगला पगार देतो. पर प्रोग्राम ह्या दुकानाभाईर जायचा न्हाय. जमत नसंल तर बाजारादिवशी खोलीची किल्ली आणून द्या."

मी त्यांना त्या सीडीवरची अट सांगितली, की आतली कृती झाकून ठेवता येत नाही. "अट घालणारा काय बारामतीत येणार हाय?" असं म्हणून ते खाली गेले.

बाजाराचा दिवस येईपर्यंत मी चिडूनच होते. पगार घेतला तर पेंटरचा ळ एका दुकानात कोंडला जाणार. नागपूरचा माणूस, जर्मनीतला माणूस, सगळे हात काढून घेणार, आणि त्यांचं बरोबरच होतं. किल्ली दिली तर कॉम्प्युटर गेला, फोन गेला, उन्हाळाभर जे उभं केलं ते बंद. पेंटर म्हणाले, "पाटी मालकाची, अक्षर माझं. मी पगारावर येणार न्हाय." मैत्रीण म्हणाली, "पगाराची नोकरी म्हटल्यावर माझ्या घरचे पेढे वाटतील. आणि तात्या वाईट नाहीत गं." वाईट नव्हतेच ते, त्यामुळे तर माझी जास्त चिडचिड होत होती. घरी मी एवढंच म्हणाले की तात्यांकडचा मुक्काम हलतोय बहुतेक.

बाजारच्या दिवशी मी किल्ली घेऊन दुकानात उभी होते. मैत्रीण बाजूला, पेंटर दारात. तात्या हात पुढे करणार, एवढ्यात आबा आत आले. खांद्यावर घोंगडी, डोक्याला पटका. घोंगडी बघितल्याबरोबर तात्या खुर्चीतून उठले. वरकुट्याच्या त्यांच्या रानात वर्षानुवर्षं मेंढरं बसत आली होती, आणि घोंगडीवाला दारात आला की उठायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"या, या, आबा. बसा."

"पोरीनं तुमच्याकडं बसवलंय म्हणं," आबा बसत म्हणाले.

"व्हय. बसवलंय की."

"कवापासनं?"

"उन्हाळ्यापासनं."

आबांनी भुवया वर केल्या. "लई दिस झालं की वं एका रानात! मग, रान कसं काय उठलं? पीक वाढलं का?"

तात्या क्षणभर गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. "चांगलं उठलं, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाईक वाढलं."

"झालं तर. मग आता फुडचा मुक्काम कुणाच्या रानात?"

हा प्रश्न तात्यांनी लहानपणापासून बांधावर उभं राहून ऐकलेला होता आणि त्याचं उत्तर द्यायचीही सवय होती. ते बोलून गेले, "इंदापूरला."

बोलले आणि स्वतःचंच ऐकून थांबले. मैत्रिणीने माझा हात दाबला. तात्यांचा चेहरा आधी लाल झाला, आणि मग ठबिकच्या वेळी हसले होते तसं हसू हळूहळू त्यांच्या पोटातून वर यायला लागलं, पण त्यांनी ते दाबलं.

"पर आबा, तो माझ्या बांधाला बांध लावून बसलाय. त्येच्याच रानात जायाचं?"

"बोलवंल त्येच्या रानात जायाचं. त्येच्याकडं बसली म्हून तुमच्या रानातलं खत कुठं जातंय?" आबांना यात विचारण्यासारखं काय आहे तेच समजत नव्हतं. "आन् फुडल्या साली येत्यात की परत. कोकरं घिऊन येत्यात."

तेव्हा मात्र तात्यांना हसू आवरलं नाही. पेंटर हसले, मैत्रीण हसली, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आबा सगळ्यांकडे बघत राहिले. ते ज्यासाठी आले होते ते वेगळंच होतं, आणि ते त्यांनी खाली बघत सांगितलं. "मला आपलं वाटलं, मुक्काम हलणार म्हंजी पोरगी बी हलणार. कळपामागं जावंच लागतं. म्हून इचाराय आलो, लांब जाणार का काय."

"नाही आबा," मी म्हणाले. "हा कळप एकटा जातो."

"एकटा?" आबांना ते पटलं नाही. "राखण न्हाय?"

तात्यांनी किल्ली घेतली नाही, पण व्यवहार केल्याशिवाय सोडतील तर ते तात्या कसले. "पहिला मुक्काम माझ्या रानात. नवं कायबी केलं की आदी हितं बसवायचं, मग जगात कुठंबी न्या. आन् खाली नाव लागलं पायजे. माझं नगं. गावाचं." आम्ही कबूल केलं. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ओळ आली: 'मुक्काम: वरकुटे'. ज्याच्याकडे प्रोग्राम जाईल त्याने पुढे आपलं गाव जोडायचं असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत गेलो तर पाइपांच्या मधोमध ज्वारीचं पोतं उभं होतं. पगाराचा विषय तात्यांनी पुन्हा काढला नाही. आम्ही ज्वारीचे तीन वाटे केले. भेळ चालू राहिली.

आणि कोकरं आलीही. इंदापूरच्या त्या दुकानात हिशेब बघणाऱ्या माणसालाही 'शेतकर्याचे' खुपत होतं, आणि त्याला सवलतीच्या रकान्याची घाई नव्हती. त्याने ऱ्य नीट केला आणि फ्लॉपी पेंटरच्या हाती परत धाडली. करारानुसार ती पहिल्यांदा तात्यांकडे बसवली. 'शेतकऱ्याचे नाव' असं स्वच्छ छापलेलं बिल तात्यांनी उजेडात धरून बघितलं. वैऱ्याच्या दुकानातून आलेलं ते काम होतं. "कोकरू ब्येस हाय," ते म्हणाले. तेव्हापासून नव्या दुरुस्तीला आमच्यात कोकरूच म्हणत, आणि नागपूरचा माणूसही ईमेलीत 'एक कोकरू पाठवत आहे' असं लिहायला लागला. तळच्या ओळीत इंदापूर आलं, मग मैत्रिणीने तिच्या गावच्या सोसायटीत नेलं म्हणून लासुर्णे आलं. त्यापुढे फ्लॉप्या कुणाकडून कुणाकडे गेल्या ते आम्हाला कळेनासं झालं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी आबा डेअरीला दूध घालून आले. हातात चिठ्ठी होती. आबांना अक्षरं लावून लावून वाचता यायचं.

"ह्ये तुझंच न्हवं का गं?"

मी चिठ्ठी घेतली. आमच्याच गावच्या दूध डेअरीची ती चिठ्ठी, आमच्याच अक्षरांत. तिथे प्रोग्राम आमच्यापैकी कुणीही बसवलेला नव्हता. तळाशी बारीक ओळ होती: 'मुक्काम: वरकुटे, इंदापूर, लासुर्णे, कळस'. कळसमधल्या ळ ला दोन पोटं होती आणि दुसरं जरा थोरलं होतं.

"आपल्या बी रानात आली की," आबा म्हणाले. "आणली कुणी?"

"कुणी नाही आबा. आपली आपण आली."

आबांनी चिठ्ठी परत घेतली आणि तळच्या ओळीवरून बोट फिरवलं. जन्मभर दुसऱ्याच्या रानात मेंढरं बसवून ज्वारी घेतलेला माणूस. त्यांच्या रानात कुणाचा तरी कळप येऊन बसायची ही पहिलीच वेळ होती.

"मग ज्वारी द्याय पायजे," ते म्हणाले. "त्ये पोटाचं अक्षर कुणी काढलंया?"

"इंदापूरच्या पेंटरनी."

ते आत गेले, कणगीतून पिशवी भरून आणली, तोंड सुतळीने बांधलं आणि इंदापूरची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.